खेळायच्या दिवशीच विकत घ्या: पीसी गेमिंगचा खर्च संयमाने कमी करण्याची पद्धत

पीसीवर गेम जुना होतो तसा स्वस्त होतो, आणि बऱ्याचदा आधीपेक्षा चांगलाही होतो. विकणारी दुकानं अनेक आहेत, त्यांच्यात चढाओढ आहे, वर्षभर कुठे ना कुठे सेल चालू असतो, आणि दहा वर्षांपूर्वीचे गेम आजच्या विंडोजवर बहुतेक करून चालतात. एवढं असूनही अनेकांचा गेमवरचा खर्च आटोक्यात येत नाही. त्याची दोन मुख्य कारणं मला दिसतात. एक, गेम आला त्याच आठवड्यात पूर्ण किमतीला घेणं. दोन, ‘एवढा स्वस्त पुन्हा मिळणार नाही’ म्हणून सेलमध्ये घेणं आणि नंतर कधीच न उघडणं. पहिल्या कारणाबद्दल पुष्कळ बोललं जातं. दुसऱ्याबद्दल कमी. पण माझ्या मते जास्त पैसा तिथेच जातो, कारण प्रत्येक वेळची रक्कम छोटी असते आणि वर ‘आपण बचत केली’ असं समाधानही मिळतं.

म्हणून पुढची सगळी पद्धत एका नियमाभोवती उभी आहे: गेम विकत घ्यायचा तो ज्या दिवशी खेळायला बसणार त्या दिवशी. यादी करणं, किमतींवर नजर ठेवणं, सेलची वाट बघणं ही सगळी कामं या नियमाला मदत करण्यासाठी आहेत.

किंमत उतरते कशी

प्रकाशक सगळ्यात आधी सगळ्यात उत्सुक माणसाला विकतो. पहिल्या दिवशी पूर्ण किंमत द्यायला तयार असलेले ग्राहक संपले की थोडी सवलत, मग आणखी थोडी, असं वर्षानुवर्षं चालतं. मोठ्या बजेटच्या, एकट्याने खेळायच्या गेमचं ढोबळ चित्र असं असतं: पहिल्या काही महिन्यांत २० ते ३० टक्के सवलत, वर्ष-दीड वर्षात ५० टक्क्यांच्या आसपास, तीन-चार वर्षांत ७० टक्के किंवा त्याहून जास्त. प्रत्येक प्रकाशकाची चाल वेगळी असते. काही जण वर्षाच्या आतच अर्ध्या किमतीवर येतात, तर एल्डन रिंग किंवा बाल्डर्स गेट ३ सारख्या मागणी टिकून राहिलेल्या गेमची किंमत फार सावकाश उतरते.

स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाचे स्वतःचे काही नियम माहीत असले की अंदाज बांधायला सोपं जातं. नवा गेम आणताना प्रकाशक सुरुवातीची छोटी सवलत देऊ शकतो, पण ती संपल्यावर पुढचे ३० दिवस दुसरी सवलत देता येत नाही. किंमत वाढवल्यावरही तसाच खंड पाळावा लागतो, त्यामुळे ‘आज किंमत चढवली आणि उद्या सवलत दाखवली’ हा प्रकार तिथे सहज जमत नाही. आणखी एक गोष्ट जुन्या खेळाडूंच्या डोक्यातून अजून गेलेली नाही. पूर्वी स्टीमच्या मोठ्या सेलमध्ये काही तासांपुरते खास भाव लागायचे आणि लोक घड्याळ लावून बसायचे. २०१५ च्या शेवटापासून ते बंद झालं. आता गेमचा सेलमधला भाव साधारणपणे पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तोच राहतो. म्हणजे सेल सुरू होताच धावायचं कारण उरलेलं नाही. उलट शेवटच्या दिवसापर्यंत विचार करायला वेळ मिळतो.

काही गेम मात्र वाट बघून स्वस्त होत नाहीत. फॅक्टोरिओच्या निर्मात्यांनी पहिल्यापासून जाहीर केलंय की गेम कधीच सेलमध्ये येणार नाही, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची किंमत ३० डॉलरवरून ३५ डॉलर झाली. अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे अपूर्ण अवस्थेत विकल्या जाणाऱ्या गेमचंही कधीकधी असंच होतं. सॅटिस्फॅक्टरीची किंमत २०२४ मध्ये १.० आवृत्ती येण्याच्या आधी वाढली. असे गेम ओळखायचे कसे, ते पुढे किमतीच्या इतिहासाच्या भागात आहे.

थांबल्यावर हातात येणारा गेम वेगळा असतो

पैशाचा विचार क्षणभर बाजूला ठेवला तरी थांबायला हे कारण पुरेसं आहे. बॅटमॅन: आर्कम नाइटची पीसी आवृत्ती जून २०१५ मध्ये इतक्या वाईट अवस्थेत आली की विक्रीच थांबवावी लागली. ती परत विक्रीला आली ऑक्टोबरच्या शेवटी. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा त्यातल्या बिघाडांची जगभर चर्चा झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये २.० अपडेट आलं, कौशल्यांची रचना आणि पोलिसांचं वागणं नव्याने बांधलं गेलं. ज्याने तेव्हा पहिल्यांदा तो उघडला त्याला पहिल्या दिवसाच्या ग्राहकापेक्षा कितीतरी सुधारलेला गेम कमी पैशात मिळाला. नो मॅन्स स्काय ऑगस्ट २०१६ मध्ये आला आणि तेव्हापासून एकामागून एक मोठी अपडेट्स फुकट येत राहिली. द लास्ट ऑफ अस पार्ट १ मार्च २०२३ मध्ये पीसीवर आला तेव्हा चांगल्या मशीनवरही अडखळत होता, नंतरच्या दुरुस्ती-अपडेट्सनी तो बराच सावरला.

डीएलसीचा, म्हणजे मूळ गेमनंतर वेगळ्या विकल्या जाणाऱ्या भागांचा, हिशोबही यात धरा. द विचर ३ मे २०१५ मध्ये आला. दोन मोठी विस्तारपर्वं २०१६ च्या मध्यापर्यंत आली आणि त्याच ऑगस्टमध्ये सगळं एकत्र असलेली आवृत्ती निघाली. शिवाय डिसेंबर २०२२ मध्ये ग्राफिक्स सुधारणारं अपडेट फुकट मिळालं. सुरुवातीला गेम, मग एकेक विस्तार असं घेणाऱ्याला एकत्रित आवृत्ती घेणाऱ्यापेक्षा जवळजवळ नेहमीच जास्त पैसे मोजावे लागतात.

मधल्या काळात इतर खेळाडूही खूप काम करून ठेवतात. मॉड्स (खेळाडूंनी गेममध्ये केलेले बदल), अनधिकृत दुरुस्त्या, कुठली सेटिंग किती भार टाकते याच्या याद्या. तुम्ही येता तेव्हा हे सगळं तयार असतं.

पहिली पायरी: आधी घरात काय आहे ते बघा

विकत घेणं थांबवून सुरुवात करा. स्टीम, एपिक, गॉग, एक्सबॉक्स अशा चार दुकानांत विखुरलेले गेम एकाच खिडकीत दिसावेत म्हणून प्लेनाइट नावाचं मोफत, मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर आहे. ते बसवा, सगळी खाती जोडा, आणि ‘कधीच न खेळलेले’ असा गाळणा लावा. बहुतेकांना ही यादी बघून धक्का बसतो. तो बसू द्या, पण अपराधी वाटून घेऊन सगळी यादी संपवायला निघू नका. त्यातले पुष्कळ गेम तुम्ही कधीच खेळणार नाही. ते सरळ लपवून टाका. गेलेला पैसा गेला, त्यासाठी आता वेळही घालवायची गरज नाही.

उरलेल्यांतून तीनच निवडा: एक मोठा, एक छोटा, आणि एक दमून आल्यावर अर्धा तास खेळता येईल असा. हाउ लाँग टू बीट या साइटवर कुठला गेम संपायला साधारण किती तास लागतात ते दिसतं. आठवड्याला तुम्हाला खरोखर किती तास मिळतात ते त्याच्याशेजारी लिहा. साठ तासांचा गेम आणि आठवड्याला पाच तास म्हणजे बारा आठवडे, जवळपास तीन महिने. दोन मोठ्या सेलमधलं अंतरही साधारण एवढंच असतं. हा हिशोब एकदा केला की पुढच्या सेलमध्ये किती गेम घ्यायचे या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं, आणि ते सहसा ‘एक’ किंवा ‘एकही नाही’ असतं.

दुसरी पायरी: विशलिस्टवर आकडा लिहा

गेम आवडला की लगेच विशलिस्टमध्ये, म्हणजे दुकानातल्या आपल्या ‘हवे असलेले’ यादीत, टाका. विकत घ्यायची इच्छा तिथे ठेवून द्यायला ती उत्तम जागा आहे. काही महिन्यांनी परत बघितलं की निम्म्या गेमबद्दलची ओढ ओसरलेली असते. ते काढून टाका. संयमातली सगळ्यात मोठी बचत मला इथेच दिसते: जे गेम आपण शेवटी घेतलेच नाहीत त्यांत.

जे उरतील त्यांच्यासमोर आपली किंमत लिहा, म्हणजे ‘या भावाला आला की घेईन’ असा आकडा. तो कसा ठरवायचा? स्टीमडीबी या साइटवर प्रत्येक गेमच्या किमतीचा आलेख मिळतो. इज देअर एनी डील ही साइट अनेक अधिकृत दुकानांमधले भाव एकत्र दाखवते, स्टीमची विशलिस्ट तिथे जोडता येते आणि ठरवलेल्या भावाला गेम आला की ईमेल येतो. जीजी डॉट डील्सही तेच काम करते, मात्र तिथे अधिकृत दुकानं आणि ‘की’ (गेम खात्यात जोडायचा कोड) विकणारे बाजार वेगवेगळ्या रकान्यांत असतात. तुम्ही अधिकृत रकानाच बघा.

आलेख वाचताना तीन गोष्टी शोधा. पहिली, आजवरचा सगळ्यात कमी भाव आणि तो किती वेळा लागला. एकदाच लागला असेल तर ती एखादी चूक किंवा कूपन असू शकतं, पाच वेळा लागला असेल तर सहाव्यांदाही लागेल. दुसरी, सवलतीची चढण. २५ टक्के, मग ३३, मग ४० असा क्रम दिसत असेल तर आणखी एक सेल थांबण्यात अर्थ आहे. पण दोन वर्षं सारखी ७५ वरच अडकली असेल तर तळ आलेला आहे, पुढे थांबून फार काही मिळणार नाही. तिसरी, मूळ किंमत. काही प्रकाशक मूळ किंमतच वाढवतात, त्यामुळे टक्के तेवढेच दिसतात आणि द्यायची रक्कम मात्र जास्त असते. टक्क्यांकडे बघूच नका, रकमेकडे बघा. आलेख सपाट असेल, कधीच खाली आला नसेल, तर तो फॅक्टोरिओसारखा गेम आहे. खेळायला वेळ असेल तेव्हा पूर्ण किमतीला घ्या आणि मनातून विषय काढून टाका.

सेल कधी येतात

स्टीमचे चार मोठे सेल असतात: मार्चमध्ये वसंत, जूनच्या शेवटी उन्हाळी, मग शरद, आणि डिसेंबरच्या शेवटी हिवाळी. शरदातला सेल अनेक वर्षं नोव्हेंबरच्या शेवटी असायचा, २०२५ मध्ये तो सप्टेंबरच्या शेवटी आला. तारखा स्टीमची कंपनी व्हॉल्व्ह बरीच आधी जाहीर करते. मधल्या काळात प्रकाशकांचे आणि विशिष्ट प्रकारच्या गेमचे छोटे सेल चालूच असतात, आणि एखाद्या मालिकेचा नवा भाग जवळ आला की जुने भाग हमखास उतरतात. फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये नेक्स्ट फेस्ट असतो, त्यात येऊ घातलेल्या गेमचे डेमो फुकट खेळायला मिळतात. विशलिस्ट भरायला आणि रिकामी करायलाही तो उत्तम काळ आहे. डेमोचा अर्धा तास खेळून कंटाळा आला तर एक खरेदी वाचली.

तिसरी पायरी: घेताना

वेळ आहे, गेम खेळायचा आहे, भाव ठरवलेल्या आकड्याला आलाय. तरी पाच मिनिटं घालवा.

आधी रिव्ह्यू बघा, पण सगळ्या काळातले नव्हे, गेल्या महिन्याभरातले. पाच वर्षांपूर्वी उत्तम असलेला गेम एखाद्या अपडेटने बिघडलेला असू शकतो, आणि उलटही. मग पीसी गेमिंग विकीवर त्याचं पान उघडा. वेगळं लाँचर लागतं का, सेव्ह फाइल कुठे राहते, कंट्रोलर चालतो का, ज्ञात अडचणी आणि त्यांचे उपाय, सगळं तिथे एका जागी असतं. डेनुव्होसारखं कॉपी-विरोधी सॉफ्टवेअर अनेक प्रकाशक काही काळाने काढून टाकतात, तेही तिथे कळतं.

मग आवृत्ती. डीलक्स, गोल्ड, अल्टिमेट अशा नावांमागे बहुतेक वेळा पोशाख आणि संगीत असतं, कधीकधी खरोखर मोठा विस्तार असतो. तो विस्तार एकत्रित आवृत्तीत स्वस्त पडतोय का ते बघा. स्टीमवरच्या बंडलमधले काही भाग तुमच्याकडे आधीच असतील तर अनेक बंडल फक्त उरलेल्यांचेच पैसे घेतात आणि बंडलची सवलतही देतात. ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते.

आणि परताव्याचे नियम पाठ ठेवा. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. एपिकचाही नियम तसाच आहे. गॉगवर ३० दिवस मिळतात, गेम उतरवून खेळलात तरी. शिवाय गॉगचे गेम कॉपी-संरक्षणाशिवाय येतात आणि इन्स्टॉलर स्वतःच्या डिस्कवर जपून ठेवता येतो, म्हणून भाव सारखा असेल तर मी गॉगलाच प्राधान्य देईन. स्टीमच्या त्या २ तासांचा उपयोग गोष्टीत रमायला करू नका. पहिल्या तासाभरात सेटिंग्ज लावून गर्दीच्या, जड प्रसंगापर्यंत जा आणि मशीन झेपतंय का ते बघा. तुम्ही घेतलात आणि दोन दिवसांनी तोच गेम सेलमध्ये आला, तर परत करून लगेच कमी भावाला घेणं हा गैरवापर मानला जात नाही, असं स्टीमच्या धोरणात स्पष्ट लिहिलेलं आहे. संकोच बाळगू नका. मात्र दुसऱ्या दुकानातून घेतलेल्या कीवर स्टीमचा परतावा लागू होत नाही.

प्री-ऑर्डरबद्दल एवढंच म्हणेन: डिजिटल प्रती संपत नाहीत.

फुकट मिळणारे गेम

एपिकचं दुकान डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झालं आणि तिथे दर गुरुवारी एखादा तरी गेम फुकट मिळतो. डिसेंबरच्या सुट्यांमध्ये तर रोज. मुदतीत खात्यात जोडला की तो कायमचा तुमचा. मे २०२० मध्ये जीटीए ५ सुद्धा असा दिला गेला होता. फोनवर गुरुवारची आठवण लावून ठेवा. गॉग आणि स्टीमवरही अधूनमधून असं काही मिळतं. हाफ-लाइफ २ ला वीस वर्षं झाली तेव्हा, नोव्हेंबर २०२४ मध्ये, तो काही दिवस फुकट होता. ओपनटीटीडी आणि ड्वार्फ फोर्ट्रेसची क्लासिक आवृत्ती तर कायमच मोफत आहेत, आणि त्यांत महिनोन्महिने जाऊ शकतात.

फ्री-टू-प्ले, म्हणजे खेळायला फुकट पण आत वस्तू विकणाऱ्या, गेमकडे मात्र वेगळ्या नजरेने बघा. डोटा २ किंवा वॉरफ्रेममध्ये एक पैसाही न घालता वर्षानुवर्षं खेळता येतं, हे खरं आहे. पण बॅटल पास (पैसे भरून ठरावीक मुदतीत बक्षिसं मिळवायची योजना), मर्यादित काळाचे पोशाख, ‘उद्या संपतंय’ सांगणारं घड्याळ ही सगळी रचना संयम मोडण्यासाठीच केलेली असते. असा गेम खेळत असाल तर वर्षभरात त्यात गेलेले पैसे एकदा स्टोअरच्या खरेदी-इतिहासात बघा. पूर्ण किमतीच्या गेमपेक्षा ते जास्त निघाले तर तो तुमचा सगळ्यात महागडा छंद आहे, आणि बाकीच्या सगळ्या काटकसरीआधी त्याचा विचार व्हायला हवा.

बंडल, सबस्क्रिप्शन, कुटुंब

२०१० मध्ये हंबल बंडलने ‘हवे तेवढे पैसे द्या आणि गेमचा संच घ्या’ अशी पद्धत लोकप्रिय केली. आज असे संच अनेक ठिकाणी मिळतात. त्यांचा भाव मोहात पाडणारा असतो, म्हणून हिशोब कडक ठेवा. संचातल्या दहांपैकी येत्या तीन महिन्यांत तुम्ही खरंच कुठले खेळणार? फक्त त्यांची संख्या धरून भागाकार करा. दहाने भागलेला आकडा खोटा आहे.

पीसी गेम पास या मासिक शुल्काच्या योजनेकडे मी दुकान म्हणून न बघता वाचनालय म्हणून बघतो. त्याची किंमत आजवर अनेकदा वाढली आहे, आणि वर्षभर चालू ठेवून महिन्याला चार तास खेळणाऱ्याला ते मुळीच परवडत नाही. पण यादीत त्यातलेच तीन-चार छोटे गेम जमले, हातात मोकळा महिना आला, की एक महिना घ्यावा आणि घेतल्या दिवशीच पुढचं आपोआप नूतनीकरण बंद करावं. एक गोष्ट लक्षात ठेवा, तिथलं सेव्ह पुढे स्टीमच्या प्रतीत चालेलच असं नाही. शंभर तासांचा गेम तिथे सुरू करू नका.

घरात आणखी कुणी खेळत असेल तर स्टीम फॅमिलीज जरूर लावा. सप्टेंबर २०२४ पासून ती सगळ्यांसाठी खुली आहे. एका घरातले सहा जण आपापले संग्रह एकत्र करू शकतात, आणि वेगवेगळे गेम एकाच वेळी खेळू शकतात. एकच गेम दोघांना एकदम खेळायचा असेल तर मात्र दोन प्रती लागतात. कुणी तुमच्या प्रतीवर फसवणूक करून बंदी ओढवून घेतली तर ती तुमच्यावरही येते, आणि बाहेर पडलेल्याला, आधीच्या गटात आल्यापासून वर्ष झाल्याशिवाय, दुसऱ्या गटात जाता येत नाही. म्हणून दूरच्या ओळखीच्यांना यात घेऊ नका.

की विकणाऱ्या अनधिकृत बाजारांपासून दूर राहा, हे माझं स्पष्ट मत आहे. तिथल्या काही की चोरीच्या कार्डांनी घेतलेल्या असतात, त्या नंतर रद्द होतात, आणि परताव्याचा खर्च बिचाऱ्या छोट्या निर्मात्यावर पडतो. दुसऱ्या देशातला भाव मिळवण्यासाठी व्हीपीएन लावणं हाही स्टीमच्या नियमांचा भंग आहे. त्यात सगळा संग्रह असलेलं खातं पणाला लागतं. थोडं थांबलं की अधिकृत दुकानातच जवळपास तेवढा भाव मिळतो.

मशीनवरचा खर्च

गेमवर वाचवलेला पैसा ग्राफिक्स कार्डवर उडवला तर काहीच साधलं नाही. सुदैवाने इथेही तीच सवय कामाला येते. तुम्ही तीन-चार वर्षं जुने गेम खेळत असाल तर मशीनही तीन-चार वर्षं मागचं चालतं. २०१६ मध्ये आलेलं जीटीएक्स १०६० हे कार्ड पुढची अनेक वर्षं स्टीमच्या हार्डवेअर पाहणीत पहिल्या क्रमांकावर होतं. जुन्या कार्डवर किती खेळाडू वर्षानुवर्षं भागवतात याचा तो पुरावा आहे.

नवं कार्ड घ्यायच्या आधी सेटिंग्जवर एक संध्याकाळ द्या. सगळं ‘अल्ट्रा’वर ठेवायची सवय सोडा. सावल्या, धुक्यातून येणारा प्रकाश, प्रतिबिंबं आणि रे ट्रेसिंग या गोष्टी सगळ्यात जास्त भार टाकतात. त्या एक-दोन पायऱ्या खाली आणल्या तर खेळताना डोळ्यांना फरक क्वचितच जाणवतो. टेक्श्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं, मात्र कार्डच्या मेमरीत बसतंय तोवर उंच ठेवा. एएमडीचं एफएसआर हे तंत्र कमी रिझोल्यूशनवर चित्र काढून ते मोठं करतं, आणि त्याच्या आधीच्या आवृत्त्या जुन्या आणि कुठल्याही कंपनीच्या कार्डांवर चालतात. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, वरखाली होत असेल तर ६० वर किंवा झेपेल तिथे बांधून टाका. स्थिर ५० हे उड्या मारणाऱ्या ७० पेक्षा खेळायला सुखाचं असतं.

सुटे भाग घेताना एक फरक ध्यानात घ्या: गेमची किंमत जवळजवळ नेहमी खाली जाते, हार्डवेअरची तशी खात्री नाही. २०२० ते २०२२ या काळात टंचाई आणि क्रिप्टो मायनिंगमुळे कार्डं मूळ किमतीच्या कितीतरी वर विकली गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाने मायनिंगची पद्धतच सोडली आणि वापरलेली कार्डं बाजारात आली. २०२५ च्या शेवटी डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले. त्यामुळे इथे पद्धत थोडी बदलते. टंचाईत काहीही घेऊ नका, जुन्यावर भागवा. बाजार शांत असताना, खरी गरज असेल तर, ‘पुढची पिढी येतेय’ म्हणून अनंतकाळ थांबू नका. आणि पूर्ण मशीन बदलण्याआधी आहे त्या मदरबोर्डवर काय बसतं ते तपासा. २०१७ च्या, एएमडी प्रोसेसरसाठीच्या एएम४ बोर्डांपैकी अनेकांवर बायोस अपडेट करून २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी बसतो. एका प्रोसेसरच्या पैशात मशीनचं आयुष्य कित्येक वर्षांनी वाढतं.

कधी थांबू नये

मित्र आज जो गेम खेळतायत तो दोन वर्षांनी स्वस्तात घेऊन एकट्याने काय करणार? सोबत हेच मूल्य असेल तर वेळेवर घ्या. वर्षातून असा एखादा गेम ठरवून पूर्ण किमतीला घेणं या पद्धतीत बसतं. मात्र फक्त सर्व्हरवर चालणाऱ्या गेमबाबत पहिले काही आठवडे तरी बघा. कॉन्कॉर्ड २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. तेव्हा पैसे परत मिळाले, पण दर वेळी तसं होईलच असं नाही. द क्रू नऊ वर्षांहून जास्त चालून ३१ मार्च २०२४ ला बंद झाला आणि विकत घेतलेल्यांनाही तो खेळता येईनासा झाला.

परवान्यांवर अवलंबून असलेले गेम हाही अपवाद आहे. गाड्यांचे किंवा गाण्यांचे करार संपले की गेम दुकानातून काढावा लागतो. फोर्झा होरायझन ४ डिसेंबर २०२४ मध्ये विक्रीतून गेला. ॲलन वेक मे २०१७ मध्ये संगीताच्या परवान्यामुळे गेला, जाण्याआधी ९० टक्के सवलतीत मिळाला, आणि परत आला थेट पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये. रेसिंगचा किंवा चित्रपटावर आधारित गेम मनापासून हवा असेल तर भाव ठरवलेल्या आकड्याला पोहोचताच घ्या. ‘खेळायच्या दिवशीच’ हा नियम मी फक्त इथेच मोडतो. आधी घेतलेली प्रत साधारणपणे तुमच्या खात्यात राहते.

शेवटी छोटे निर्माते. मोठ्या प्रकाशकाला तुमची वाट बघणं परवडतं, दोन-तीन जणांच्या चमूला पहिल्या महिन्याची विक्री पुढचा गेम बनवू देते. एखाद्याचं काम आवडत असेल, आणि गेम लगेच खेळणार असाल, तर तो पूर्ण किमतीला घेणं मला योग्य वाटतं. आत्ता जमत नसेल तर विशलिस्टमध्ये टाका, त्याचीही त्यांना मदत होते. आणि सेलमध्ये घेतलात तरी संपवल्यावर चार प्रामाणिक ओळी लिहा. स्टीमवर १० रिव्ह्यू झाल्याशिवाय गेमला एकूण मूल्यांकनच दिसत नाही, आणि त्यात मोजले जातात ते थेट स्टीमवरून विकत घेतलेल्यांचेच रिव्ह्यू, बाहेरून आणलेल्या कीवरचे नाहीत. म्हणून अशा छोट्या गेमसाठी दोन दुकानांतला भाव सारखाच असेल तर तो थेट स्टीमवरच घ्या.